वाटाड्याची फी



गेल्या महिन्यात आमच्या बमरोलीच्या घरी एक बातमी आली आणि दोन दिवस जेवताना तोच एक विषय चालला. माझी भाची मार्चमध्ये मैत्रिणींबरोबर स्पेनला निघाली आहे. तिथल्या दक्षिण भागात, अंदालुसियात, ती चार दिवस डोंगरात सायकल चालवणार आहे. बरोबर गाइड असेल आणि मागून सामानाची गाडी असेल. सायकलही तिथेच भाड्याने मिळणार आहे.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आप्पा शिंदखेड्याहून तापी लाइनच्या गाडीत बसून सुरतला आले, तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. पहिल्या वर्षाच्या पगारातून त्यांनी जुनी सायकल घेतली आणि बमरोली ते सचिन असं रोज जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, तेवीस वर्षं चालवली. दिवसपाळी असो की रातपाळी, त्यांचं वाहन तेच. नातीचा बेत ऐकून ते मला अहिराणीत म्हणाले, "सायकल चालावाले पैसा देई राह्यनी का ती?"

सगळे हसलो. पण पैशाचा विषय निघालाच आहे तर या वेळचा लेख त्यावरच लिहितो. विशेषतः आपल्या मंडळातल्या तरुण मुलामुलींसाठी, कारण सहलींचे बेत आता तुम्हीच ठरवता. आमच्या लहानपणी सुट्टी म्हणजे उधन्याहून गाडीत बसायचं आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर यांपैकी आपापल्या स्टेशनावर उतरायचं. तुम्हाला निवड आहे आणि ती असावीच.

आधी स्पेनचं सांगतो, कारण भाचीमुळे मलाही बरंच वाचावं लागलं. दक्षिण स्पेन म्हणजे भरपूर ऊन. उन्हाळ्यात आतल्या भागात पारा चाळिशीच्या पुढे जातो, म्हणून डोंगरात सायकल चालवणारे तिथे वसंतात आणि शरदात जातात. एका अंगाला भूमध्य समुद्र आणि मागे सिएरा नेवाडा ही पर्वतरांग. तिच्यातलं मुलासेन हे शिखर सुमारे ३,४७९ मीटर उंच आहे. या रांगेच्या दक्षिण उतारावर अल्पुहारा नावाचा भाग आहे. पांढऱ्या घरांची छोटी छोटी गावं आणि त्यांच्यामधून मूर लोकांच्या काळात खोदलेले पाण्याचे पाट. त्यातले कितीतरी पाट आजही वाहतात आणि त्यांच्या कडेने पायवाटा आहेत. आपल्या साक्री-धुळ्याकडची पांझरेवरची फड बागायत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे फार परकं वाटणार नाही.

ज्यांना दगडधोंड्यांची वाट झेपत नाही त्यांच्यासाठीही तिथे सोय आहे. ओल्वेरा ते पुएर्तो सेरानो या दोन गावांमध्ये ३६ किलोमीटरचा रस्ता खास सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी राखला आहे. मुळात तो रेल्वेमार्ग म्हणून बांधायला घेतला होता. ३० बोगदे खणून झाले, पूलही झाले, पण काम अर्धवट राहिलं आणि गाडी कधीच धावली नाही. पुढे त्याच मार्गावर सायकली आल्या. आपल्या शेजारची बिलिमोरा-वाघई ही गायकवाडी काळातली ६३ किलोमीटरची छोटी लाइन त्या मानाने नशीबवान. तिच्यावर गाडी धावली आणि लोकांच्या कामीही आली.

आता गाइडचं काम. भाचीला आलेल्या पत्रकात ते नीट लिहिलं होतं. पहिल्या सकाळी तो प्रत्येकाची उंची बघून सायकल बसवून देतो, मोकळ्या जागेत ब्रेक आणि वळणं करून घेतो आणि मगच कोणाला कुठली वाट झेपेल ते ठरवतो. वाटांना रंग दिलेले असतात. हिरवी सोपी, निळी बरी, लाल अवघड आणि काळी फक्त जाणकारांसाठी. ऊन, वारा, पाऊस बघून वाट बदलायचा अधिकार त्याचा. पत्रकाच्या शेवटी त्याची फी लिहिली होती. आकडा चांगलाच जड होता. मुलींनी तो आपसात वाटून घेतला आणि दुसऱ्या दिवशी भरून टाकला. "थोडं कमी करा ना" असं कोणी म्हणालं नाही.

तिथे मी गप्प झालो. मला गेल्या ऑक्टोबरमधली डांगची सहल आठवली.

आम्ही सहा जण होतो. मी, माझा कॉलेजात शिकणारा भाचा, त्याचे तीन मित्र आणि आमच्या सोसायटीतले एक शेजारी. सायकली छोट्या हत्तीत दोरीने बांधल्या आणि पहाटे चारला बमरोली सोडली. उजाडता वाघई आलं. सुरत म्हणजे समुद्रसपाटीपासून जेमतेम बारा-तेरा मीटर उंचीवरचं सपाट शहर. इथे उड्डाणपूल चढला की आम्हाला घाट चढल्यासारखं वाटतं. वाघईच्या पुढे मात्र खरे डोंगर लागतात. सागाचं जंगल, अंबिका नदी, आणि वर सापुतारा, साधारण नऊशे मीटरच्या आसपास. तिथून पलीकडे उतरलं की नाशिक जिल्हा आणि हातगड किल्ला.

डांबरी रस्त्याने चढायचं नव्हतं, आतल्या कच्च्या वाटांनी पाड्यापाड्यांतून जायचं होतं. म्हणून एका ओळखीच्या माणसाने तिथलाच एक तरुण बरोबर दिला. वय असेल पंचवीस-सव्वीस. दोन-तीन वर्षं बाहेरून येणाऱ्या सायकल ग्रुपांबरोबर फिरून तो हे काम शिकला होता. त्याची स्वतःची सायकल साधी, पण चाकं आणि ब्रेक एकदम नीट. त्याने दिवसाचे पंधराशे रुपये सांगितले. सहा माणसांत माणशी अडीचशे.

आणि आम्ही घासाघीस सुरू केली.

शेजारी म्हणाले, "रस्ता तर मोबाइल पण दाखवतो." भाच्याचे मित्र म्हणाले, "भाऊ, आम्ही स्टुडंट आहोत." मी मोठा माणूस, मी गप्प बसून त्यांना साथच दिली. शेवटी अकराशेवर ठरलं. तो काही बोलला नाही, फक्त मान हलवली. नंतर पुढच्या टपरीवर आम्ही चहा, भजी आणि वडापाव यांवर सातशे ऐंशी रुपये खर्च केले, आणि तिथे भाव कोणी विचारलाही नाही.

निघण्याआधी त्याने आमच्या सायकलींवर हात फिरवला. दोघांच्या टायरमधली हवा थोडी कमी केली. चाक दगडासारखं कडक असेल तर खडीवर उडतं, थोडं नरम असलं की जमीन धरतं. पण फार कमी करायची नाही, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब चिमटते आणि फाटते. मग त्याने उतारासाठी सगळ्यांच्या सीट खाली घ्यायला लावल्या. उतरताना पाय सरळ खाली सोडायचे नाहीत, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवायची, बूड थोडं मागे न्यायचं. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही, दोन्ही ब्रेक मिळून हलके हलके दाबायचे. सारखा दाबून धरला तर तो तापतो आणि ऐन वेळी लागत नाही. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करायचा, चढावर जोर लावत बदलला तर चेन उतरते. आणि एक गोष्ट तर मी आता स्कूटरवरही पाळतो. खड्ड्याकडे बघायचं नाही, जिथून जायचं आहे तिथे बघायचं. नजर जाते तिथे चाक जातं.

भाचीच्या पत्रकात पहिल्या सकाळचं जे वर्णन होतं ते हेच. फरक इतकाच की याच्याकडे पत्रक नव्हतं.

वाटेत तो बोलत होता आणि मला माझी आजी आठवत होती. डांगी बोलीत गुजराती आहे, मराठी आहे आणि आपली खानदेशीही आहे. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा डांग कोणाकडे जाणार यावर मोठा वाद झाला होता, आणि शेवटी तो गुजरातेत राहिला. पण बोली नकाशा बघून बदलत नाही. आमच्या भाच्याला, ज्याची शाळा इंग्रजीत आणि मित्रमंडळी गुजरातीत, त्याचं बोलणं माझ्याइतकंच समजत होतं. "मामा, हा तर आप्पांसारखा बोलतो," तो मला म्हणाला. दुपारी एका पाड्यावर त्याने आम्हाला नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊ घातला. डांगात दहापैकी नऊहून जास्त लोक आदिवासी आहेत आणि नागली हे तिथलं रोजचं अन्न आहे. शहरात तीच नागली आता आरोग्याच्या नावाखाली चौपट भावाने मिळते, ते सोडा.

खरी गोष्ट घडली परत येताना, तिसऱ्या प्रहरी.

वाटेत एक ओहोळ होता, त्यावर सिमेंटची फरशी. सकाळी आम्ही तिच्यावरून आलो तेव्हा बोटभर स्वच्छ पाणी होतं, तळाचे गोटे दिसत होते. परतताना तिथे घोट्याइतकं पाणी होतं. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पाऊस कुठेच नव्हता. भाचा आणि त्याचा एक मित्र पुढे होते. ते सरळ घुसणार इतक्यात गाइड मागून ओरडला. त्याने सायकल टाकली, धावत गेला आणि भाच्याच्या सायकलचं मागचं चाक धरलं.

भाचा चिडला. "घोट्याएवढंच तर आहे!"

तो म्हणाला, पाणी किती आहे ते बघू नका, कसं आहे ते बघा. मग आम्ही नीट पाहिलं. सकाळचं काचेसारखं पाणी चहासारखं झालं होतं. वर सागाची पानं, काटक्या आणि फेस वाहत येत होता. वरच्या डोंगरात कुठेतरी जोराचा पाऊस पडून गेला होता आणि ते पाणी आता खाली निघालं होतं. त्याने आम्हाला काठापासून बरंच मागे, उंचावर नेऊन बसवलं.

मोबाइलला रेंज नव्हती. बमरोली नव्वद-शंभर किलोमीटर लांब. पोरं कुरकुरत होती की अंधार पडेल. शेजाऱ्यांनी तर "हा मुद्दाम वेळ काढतोय, जास्त पैसे मागेल" असंही हळूच म्हणून घेतलं.

वीस मिनिटं झाली असतील. आधी आवाज आला, दगड एकमेकांवर आपटल्यासारखा. मग फरशी दिसेनाशी झाली. पाणी मांडीच्या वर गेलं असेल आणि त्यातून एक अख्खं वाळलेलं खोड गेलं, फरशीच्या कडेला धडकून, फिरून, पलीकडे. कोणी काही बोललं नाही. भाचा माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचे हात थंड पडले होते.

पुढे दीड तास आम्ही तिथेच होतो. पाणी उतरू लागलं तरी त्याने फरशी ओलांडू दिली नाही, कारण खाली सिमेंट उखडलं असेल तर दिसत नाही. दुसऱ्या वाटेने, बरंच लांबून, बॅटरीच्या उजेडात त्याने आम्हाला वाघईला आणून सोडलं. सगळ्यांत पुढे तो, सगळ्यांत मागे त्याने भाच्याला ठेवलं आणि सांगितलं, तुझ्या मागे कोणी राहता कामा नये. दुपारी चिडलेला मुलगा रात्री ती जबाबदारी मन लावून करत होता.

वाघईला आम्ही त्याला ठरलेले अकराशे रुपये दिले. त्याने मोजले नाहीत, खिशात ठेवले आणि सायकल काढून निघून गेला. अर्धी वाट गाडीत कोणी बोलत नव्हतं. मग भाचाच म्हणाला, "मामा, आपण चारशे रुपये वाचवले ना आज?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर आप्पांना सगळं सांगितलं. २००६ च्या ऑगस्टात तापी शहरात शिरली ते दिवस ज्यांनी पाहिलेत, त्यांना वाढत्या पाण्याची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आप्पा म्हणाले, "बरोबर थांबवलं त्याने." मग विचारलं, "त्याला किती दिले?" मी आकडा सांगितला, घासाघीसही सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेले चारशे रुपये त्याच्या मोबाइलवर पाठवले आणि आप्पांना तसं सांगायला गेलो. वाटलं, बरं म्हणतील. ते म्हणाले, "हे काय उपकार केलेस का? ते त्याचेच होते. शेठ आमची हजेरी कापायचा आणि दिवाळीला तेच पैसे बक्षीस म्हणून द्यायचा, तसं झालं हे."

आपल्या सुरतेत आपण मराठी माणसांनी काय केलं? लूमवर, मिलमध्ये, प्रोसेस हाऊसमध्ये हाताचं कसब विकलं आणि त्याची किंमत दुसऱ्याने ठरवली. हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्याच घरातली आपण माणसं डांगात गेलो की शेठ होतो. स्पेनमधल्या गाइडला आपण फी देतो, आणि आपल्याच बोलीत बोलणाऱ्या वाटाड्याला मजुरी देतो, तीही कापून. कसब तेच. त्यालाही वाट वाचता येते, पाणी वाचता येतं, आणि कोण थकलंय, कोण फुशारकी मारतंय तेही ओळखता येतं. मोबाइल रस्ता दाखवतो हे खरं. पण त्या दिवशी त्या नकाशात ओहोळाच्या जागी एक बारीक निळी रेघ होती, बस.

स्पेनला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा, भाचीला मीच पाठिंबा दिला. तिला सांगितलेल्या चार गोष्टी तुम्हालाही सांगतो. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो, पण त्या विम्यात डोंगरातली सायकल धरली आहे की नाही ते बारीक अक्षरात वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसींत असे खेळ वगळलेले असतात. तिथे शहराबाहेरच्या रस्त्यावर सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचं आहे. आयुष्यात डोंगर चढला नसाल तर पहिल्या दिवशी हिरवी किंवा निळी वाट सांगा, त्यात कमीपणा नाही. बॅटरीवर मदत करणारी सायकल मिळते, तिची मदत ताशी २५ किलोमीटरला बंद होते. ती घेतली तरी उतारावर ब्रेक तुमचेच, अक्कलही तुमचीच.

आणि स्पेनच्या आधी एकदा डांगात सराव करा. पाऊस संपून वाटा वाळल्या की ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत चांगलं हवामान असतं. अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी घ्या. घरी वेळ आणि वाट सांगून निघा, कारण रेंज जाते. हेल्मेट तिथेही घालाच. गाइड घ्या, त्याने सांगितलेला आकडा त्याला द्या, आणि तो थांब म्हणाला की थांबा.

आम्ही पुन्हा जाणार आहोत. भाच्याने स्वतः त्याला फोन केला, तारीख विचारली आणि फी विचारली. त्याने या वेळी अठराशे सांगितले. भाचा "हो" म्हणाला आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "महाग झाला का, मामा?"

पलीकडे खुर्चीत बसलेल्या आप्पांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "नाही. आधी स्वस्त होता."

या वेळी आप्पाही यायचं म्हणतात. सायकल नाही, छोट्या हत्तीत पुढे बसून. त्यांना त्या पोराचं बोलणं ऐकायचं आहे.